मुक्त ज्ञानकोशाचे लेखन आणि लेखकाचे हितसंबंध

ज्ञानकोश हा कोणत्याही भाषिक समाजाचा सामायिक ठेवा असतो. त्यातील माहिती कोणा एकाच्या सोयीची नसून सर्वांच्या उपयोगाची आहे, या विश्वासानेच वाचक तो उघडतो. मराठीला कोशवाङ्मयाची समृद्ध परंपरा लाभली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. अशा कोशांत नोंद कोणाकडून लिहून घ्यावयाची, ती कोणी तपासावयाची आणि अखेरचा शब्द कोणाचा, हे संपादकांकडून ठरते. नोंदीविषयी शंका उद्भवली, तर विचारणा करण्यास एक निश्चित जागा असते.

एकविसाव्या शतकात वाचकांच्या हाती आलेला सर्वांत मोठा ज्ञानकोश मात्र निराळ्या पद्धतीने लिहिला जातो. जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीतून सुरू केलेला विकिपीडिया हा तो ज्ञानकोश होय. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाला आणि आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. तो कोणीही वाचू शकतो, तसेच कोणीही त्यात भर घालू शकतो. विद्यार्थी प्रकल्पासाठी, शिक्षक पाठाच्या तयारीसाठी, पत्रकार बातमीच्या संदर्भासाठी त्याचा आधार घेतात. आंतरजालावरील शोधयंत्रे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्रणालीही आपली बरीचशी माहिती तेथूनच उचलतात. त्यामुळे तेथील एका लेखात शिरलेला दोष त्या लेखापुरता मर्यादित राहत नाही.

जेथे कोणीही लिहू शकतो, तेथे स्वतःविषयीही कोणी लिहू शकतो. कंपनीचा नोकर कंपनीविषयी, पुढाऱ्याचा सचिव पुढाऱ्याविषयी आणि संस्थेचा चालक संस्थेविषयी लिहू लागला, म्हणजे हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे स्वरूप काय आहे आणि त्यावर कोणते उपाय योजण्यात आले आहेत, याची माहिती शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे आवश्यक आहे. कारण आपले गाव, शाळा वा कार्यालय यांविषयीची पाने लिहिण्याची वा दुरुस्त करण्याची वेळ त्यांच्यापैकी अनेकांवर येते.

हितसंघर्ष म्हणजे काय?

एखाद्या कामात व्यक्तीचे कर्तव्य एका दिशेला आणि तिचा लाभ, नाते किंवा निष्ठा दुसऱ्या दिशेला ओढू लागते, तेव्हा हितसंघर्ष निर्माण होतो. त्या व्यक्तीने प्रत्यक्षात गैर काही केलेच पाहिजे, असे नाही. तसे करण्याकडे मन वळेल अशी परिस्थिती असणे एवढेही पुरेसे असते.

ही कल्पना पंचायत सदस्यांना नवीन नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, पंचायतीच्या आदेशावरून केलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तो सदस्य होण्यास अथवा सदस्य म्हणून राहण्यास अपात्र ठरतो. त्याने केलेले काम चांगले होते काय, दर वाजवी होता काय, हा तेथे प्रश्न नसतो. काम देणारा आणि काम घेणारा एकच असता कामा नये, एवढेच त्यातील तत्त्व आहे. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा न्यायदानातील जुना दंडकही याच विचारावर उभा आहे.

ज्ञानकोशाच्या बाबतीत हेच तत्त्व लेखनाला लागू होते. लेखाने विषयाची चांगली व वाईट अशी दोन्ही अंगे यथाप्रमाण मांडावीत, हे तेथील लेखकाचे कर्तव्य होय. विषयाशी ज्याचा पैशाचा, नोकरीचा वा आप्तसंबंध आहे, त्याला ते प्रमाण राखणे कठीण जाते. तो खोटे लिहीलच असे नाही, परंतु काय गाळावे हे मात्र त्याचे मन त्याला नकळत सुचवीत राहते.

येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. विषयाची जाणकारी आणि विषयातील हितसंबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने बाभळीवर लेख लिहिला, तर त्यात कोणताही हितसंघर्ष नाही. उलट अशा जाणकारांची ज्ञानकोशाला निकड आहे. त्याच शिक्षकाने आपण लिहिलेल्या पाठ्यपुस्तकावर किंवा आपण चालवीत असलेल्या शिकवणीवर्गावर लेख लिहिला, तर मात्र हितसंघर्ष होतो.

ज्ञानकोशाची रचना

विकिपीडियात लेख स्वीकारणारे वा नाकारणारे वेतनी संपादक मंडळ नाही. त्याचे तांत्रिक व कायदेशीर व्यवस्थापन २००३ मध्ये स्थापन झालेले विकिमीडिया प्रतिष्ठान पाहते. परंतु लेखांतील मजकूर स्वयंसेवक लिहितात व तेच तो तपासतात. मजकूर तटस्थ दृष्टिकोनातून लिहिलेला असावा आणि त्याला विश्वसनीय प्रकाशित साधनांचा आधार असावा, हे तेथील दोन प्रमुख नियम होत.

प्रत्येक लेखाला दोन जोडपाने असतात. ‘इतिहास’ या पानावर लेखात झालेला प्रत्येक फेरफार, त्याची वेळ आणि तो करणाऱ्या खात्याची ओळख नोंदली जाते. पुसलेला मजकूरही तेथे पाहावयास मिळतो. ‘चर्चा’ या पानावर लेखाविषयीचे मतभेद व सूचना मांडता येतात. सदस्यांनी विश्वासाने निवडलेल्या काही जणांना पाने वगळण्याचे वा खाती रोखण्याचे अधिकार असतात. मराठीत त्यांना प्रचालक म्हणतात. संपादक मंडळाच्या अभावी या ज्ञानकोशाची शुद्धता मुख्यतः परस्परांच्या देखरेखीवर अवलंबून आहे. लेखक कोण आहे आणि त्याचा विषयाशी संबंध काय, हे ठाऊक असेल तरच ही देखरेख परिणामकारक होते. लपविलेल्या हितसंबंधाने नेमका हाच आधार काढून घेतला जातो.

काही उद्बोधक घटना

या प्रश्नाची जाणीव झाली ती प्रत्यक्ष घटनांतून. २००५ मध्ये खुद्द जिमी वेल्स यांनी आपल्यावरील चरित्रलेखात अठरा वेळा फेरफार केल्याचे व त्यांपैकी काही फेरफार सँगर यांच्या सहसंस्थापकत्वाच्या उल्लेखासंबंधी असल्याचे उघडकीस आले. असे करावयास नको होते, असे वेल्स यांनी नंतर मान्य केले. संस्थापकालाही स्वतःविषयीच्या लेखापासून हात दूर ठेवता आला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतील लोवेल शहरातील एका वृत्तपत्राने आणखी एक प्रकार उजेडात आणला. तेथील लोकप्रतिनिधी मार्टी मीहान यांच्यावरील लेख त्यांच्याच कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी काढून त्या जागी आपण तयार केलेला मजकूर घातला होता. आपण चारच कार्यकाळ काम करू, हे मीहान यांनी पूर्वी मतदारांना दिलेले वचन नव्या मजकुरातून गाळले गेले होते. नव्या मजकुरात असत्य काय होते, यापेक्षा मतदारांना उपयुक्त असे काय त्यातून नाहीसे झाले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकन तरुणाने एक शोधसाधन तयार केले. त्या काळी खाते न उघडता फेरफार करणाऱ्याच्या आंतरजाल-जोडणीचा अंकपत्ता लेखाच्या इतिहासात दिसत असे. ग्रिफिथ याने असे सुमारे ३ कोटी ४४ लाख फेरफार घेऊन ते अंकपत्ते कोणत्या संस्थांचे आहेत, याच्याशी पडताळून पाहिले. मतदानयंत्रे बनविणाऱ्या डीबोल्ड या कंपनीच्या जोडणीवरून २००५ मध्ये तिच्या यंत्रांच्या सुरक्षिततेविषयीचे टीकात्मक परिच्छेद पुसण्यात आले होते, हे त्यातून दिसून आले. इतर अनेक कंपन्या व शासकीय कार्यालये यांच्या जोडण्यांवरून झालेले फेरफारही जगापुढे आले.

यानंतर हे काम मोबदला घेऊन करून देणारे व्यावसायिक पुढे आले. २०१३ मध्ये अशाच एका कंपनीशी निगडित असल्याच्या संशयावरून अडीचशेहून अधिक खाती रोखण्यात आली. एकच व्यक्ती अनेक नावांनी लिहून आपणच आपल्याला दुजोरा देते, हा या धंद्यातील नेहमीचा प्रकार होय.

ऑगस्ट २०१५ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण याहून गंभीर होते. ज्यांचे लेख ज्ञानकोशाने नाकारले होते अशा लहान व्यावसायिकांना व कलावंतांना काही मंडळी गाठत, पैसे घेऊन लेख प्रसिद्ध करून देत आणि पुढे तो लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा पैसे मागत. या प्रकरणी ३८१ खाती रोखण्यात आली व २१० लेख वगळण्यात आले. हा ज्ञानकोश विनामूल्य आहे आणि त्यात लेख छापून देण्याचा अधिकार कोणालाही विकत घेता वा देता येत नाही, हे ठाऊक नसल्यामुळेच ही माणसे फसली.

भारतातील एक प्रकरण

लपविलेल्या पक्षपाताची किंमत अखेर सामान्य वाचकाला मोजावी लागते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट या खाजगी संस्थेच्या प्रकरणात हे विशेष जाणवते. व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी ही संस्था वृत्तपत्रांतून मोठमोठ्या जाहिराती करीत असे. तिला विद्यापीठाचा दर्जा नव्हता. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्या अभ्यासक्रमांच्या संदर्भात ‘एमबीए’, ‘बीबीए’ यांसारखे शब्द वापरण्यास या संस्थेला मनाई केली.

या संस्थेवरील इंग्रजी विकिपीडियातील लेखात एक सदस्यखाते दीर्घ काळ फेरफार करीत होते आणि ते खाते साधे नसून प्रचालकाचे होते. संस्थेवरील टीका सौम्य करणे, प्रतिकूल संदर्भ बाजूला सारणे व अनुकूल मजकूर पुढे आणणे, अशा तक्रारी इतर सदस्यांनी वारंवार केल्या. अखेरीस फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने या तक्रारींचा निर्णय दिला. त्या खात्याचे प्रचालकपद गेले आणि त्याला ज्ञानकोशावर लिहिण्यास बंदी करण्यात आली.

निर्णय योग्य झाला, पण तो होईपर्यंत बरीच वर्षे लोटली होती. त्या काळात बारावीनंतर वा पदवीनंतर पुढे काय, या विवंचनेत असलेल्या किती तरी कुटुंबांनी संस्थेची माहिती आंतरजालावर शोधली असेल. जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, हे पालकांना कळते. ज्ञानकोश ही जाहिरात नाही, म्हणूनच त्यावर ते विसंबतात. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढावयास निघालेल्या पालकाला मान्यतेविषयीचे एक वाक्य त्या पानावर ठळकपणे दिसणे वा न दिसणे, यात त्याच्या आयुष्याची पुंजी गुंतलेली असू शकते.

नियम काय सांगतात?

जून २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने आपल्या वापर-अटींत एक महत्त्वाची तरतूद केली. जो कोणी मोबदला घेऊन लेखन करील, त्याने आपला मालक कोण, ग्राहक कोण व आपला संबंध कोणता, हे जाहीर केले पाहिजे. ही माहिती आपल्या सदस्य पानावर, लेखाच्या चर्चा पानावर किंवा फेरफाराबरोबर लिहावयाच्या सारांशात देता येते. त्याच महिन्यात जनसंपर्क क्षेत्रातील अकरा मोठ्या कंपन्यांनी हे नियम पाळण्याची ग्वाही देणारे निवेदन प्रसिद्ध केले.

मोबदला याचा अर्थ प्रत्येक लेखामागे मिळणारे पैसे एवढाच नाही. नोकरीतील कर्तव्याचा भाग म्हणून केलेले लेखनही त्यात येते. एखाद्या कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्याला कार्यालयाविषयीचे पान अद्ययावत करण्यास सांगितले, तर त्या कर्मचाऱ्याने आपली नोकरी व कार्यालय यांचा उल्लेख करणे बंधनकारक ठरते. शासकीय कार्यालयांनी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

मोबदला नसला तरी निकटचा संबंध असल्यास लेखात थेट फेरफार करू नयेत, तर चर्चा पानावर साधार सूचना मांडावी आणि ती स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे काम संबंध नसलेल्या सदस्याकडे सोपवावे, असे इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शक सूचनांत आग्रहाने सांगितले आहे. शुद्धलेखनाच्या चुका सुधारणे किंवा कोणी खोडसाळपणे घातलेला उघड शिवराळ मजकूर काढणे, यास मात्र कोणाचीही आडकाठी नाही.

दुसरी बाजू

लेखाचा जो विषय आहे, त्याची तक्रार नेहमीच स्वार्थी असते असे मात्र मानता येत नाही. मे २००५ मध्ये जॉन सायगेनथेलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणी तरी अत्यंत बदनामीकारक व संपूर्णपणे खोटा मजकूर घातला. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा हा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. या घटनेनंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांबाबतचे नियम कडक करण्यात आले. निराधार बदनामीकारक मजकूर तत्काळ काढावा, असे आता नियमच सांगतो, आणि ज्याच्याविषयी तो आहे, त्यालाही हा अधिकार आहे.

अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांचा २०१२ मधील अनुभवही मार्गदर्शक आहे. त्यांच्या एका कादंबरीची प्रेरणा कोणाच्या जीवनावरून मिळाली, याविषयी लेखात आलेले विधान चुकीचे असल्याचे त्यांनी कळविले. परंतु प्रकाशित आधार आवश्यक आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा रॉथ यांनी ‘न्यूयॉर्कर’ या नियतकालिकाच्या माध्यमातून स्वतःच्या नावाने अनावृत पत्र प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांचे म्हणणे प्रकाशित साधन झाले आणि त्याचा हवाला लेखात देता आला. लेखकाला स्वतःच्या पुस्तकाविषयी पुरावा मागणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण वाचकाला ‘हे कोणी म्हटले?’ याचे उत्तर मिळाले पाहिजे, हा त्यामागील हेतू आहे. आपले म्हणणे स्वतःच्या नावानिशी अन्यत्र प्रसिद्ध करावे व ज्ञानकोशाने त्याची नोंद घ्यावी, हा मार्ग सरळ व सन्माननीय आहे.

आपल्याकडील कर्तव्य

मराठी विकिपीडियावर सातत्याने लिहिणाऱ्यांची संख्या इंग्रजीच्या मानाने फारच अल्प आहे. एखाद्या गावाच्या वा शाळेच्या पानात झालेला एकतर्फी फेरफार दीर्घ काळ कोणाच्या दृष्टीस न पडण्याचा संभव त्यामुळे अधिक असतो. देखरेख करणारे हात थोडे असतील, तेथे लिहिणाऱ्याने स्वतःवर अधिक बंधन घालून घेतले पाहिजे.

समजा, एखाद्या गावाच्या पानावर, उन्हाळ्यात दोन वस्त्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते, असे वृत्तपत्राच्या आधाराने लिहिले आहे. सरपंचांना ते खटकते. नवी नळयोजना पूर्ण झाल्यामुळे ही परिस्थिती बदलली आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. टोपणनावाने खाते उघडून ते वाक्य पुसणे सोपे आहे. परंतु योजनेचे पाणी एका वस्तीवर अद्याप पोहोचलेले नसेल, तर त्या वस्तीची अडचण एवढ्याने कागदावरून नाहीशी होते. याउलट, ‘मी या गावचा सरपंच आहे, ही बातमी अमुक वर्षाची आहे, त्यानंतरच्या कामाची माहिती जिल्हा परिषदेच्या अमुक प्रकाशित अहवालात आहे, कृपया तपासून लेखात घ्यावी’, असे चर्चा पानावर लिहिले, तर सरपंचांची बाजू मांडली जाते आणि वस्तीवरील माणसालाही आपले म्हणणे तेथेच मांडता येते.

मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेच्या पानाबाबत हीच पद्धत अवलंबावी. स्मरणिकेतील गौरवपर मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. तो तटस्थ नसतो आणि त्याचे स्वामित्व अनेकदा दुसऱ्याकडे असते. विद्यार्थ्यांकडून लेखन करवून घ्यावयाचे असल्यास त्यांना स्वतःच्या शाळेऐवजी परिसरातील नदी, किल्ला, पीक किंवा लोककला असा विषय द्यावा. जिल्हा गॅझेटियर आणि २०११ च्या जनगणनेची गावनिहाय आकडेवारी ही साधने त्यासाठी उपलब्ध आहेत.

शासकीय अधिकाऱ्यांनी आपल्या विभागाच्या योजनांविषयी लिहिण्यापूर्वी आपले पद जाहीर करावे. योजनेवर झालेली टीका किंवा लेखापरीक्षणातील आक्षेप पानावर असल्यास ते पुसू नयेत. विभागाचे उत्तर प्रकाशित झालेले असेल, तर त्याचा संदर्भ पुरवावा. खरे पाहता शासकीय कार्यालयांना सर्वांत उपयुक्त ठरणारे कार्य ज्ञानकोशाच्या बाहेर आहे. आपले अहवाल, आकडेवारी व अधिसूचना वेळेवर, मराठीतून आणि सहज शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध केल्या, तर हितसंबंध नसलेला कोणताही लेखक त्यांच्या आधारे अचूक लेख लिहू शकतो.

गावाची, शाळेची वा कार्यालयाची खडान्‌खडा माहिती तेथील माणसांनाच असते. ती ज्ञानकोशात यावी, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि हितसंबंध असणे हा काही अपराध नव्हे. अपराध घडतो तो हितसंबंध लपविल्याने. आपला संबंध प्रथम सांगावा, आधार पुढे ठेवावा आणि निर्णय त्रयस्थावर सोपवावा, हे तीन नियम पाळले गेले, तर स्थानिक माहितीचा लाभ मिळेल आणि वाचकाचा विश्वासही अबाधित राहील. पंचायतीच्या कारभारात जी शिस्त कायद्याने आवश्यक मानली आहे, तिचे पालन ज्ञानकोशाच्या लेखनात स्वेच्छेने व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.